वापरातील वस्तूंचा वस्तुपाठ : निसर्ग, गरज आणि घडण

प्राथमिक शाळेत वस्तुपाठ हा शब्द जुना आहे. दगड, पान, बी किंवा पक्ष्याचे पीस वर्गात आणावयाचे, मुलांकडून त्याचे निरीक्षण करवून घ्यावयाचे आणि मुलांनी सांगितलेल्या गोष्टींतूनच पाठ पुढे न्यावयाचा, ही पद्धती बहुतेक शिक्षकांस परिचित आहे. मात्र या पाठासाठी निवडलेल्या वस्तू बहुधा निसर्गातील असतात. तांब्या, कात्री, कंदील, दप्तराचा बंद अशा मनुष्याने घडविलेल्या वस्तू निरीक्षणास योग्य आहेत, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या दुकानात मिळतात आणि मोडल्या की टाकून देतात, एवढेच मुलांना ठाऊक असते. ती वस्तू तशीच का आहे, तिचा आकार कोणी व कशासाठी ठरविला, हा प्रश्न वर्गात विचारला गेला तर हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून विज्ञानाचे कितीतरी पाठ निघू शकतात.

१९५८ साली चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून या देशात आले होते. खुर्च्या व इतर वस्तूंच्या घडणीबद्दल त्यांची जगभर ख्याती होती. देशभर हिंडून त्यांनी जो अहवाल सादर केला त्यात एका वस्तूची त्यांनी फार प्रशंसा केली आहे. ती वस्तू म्हणजे आपल्याकडील साधा लोटा. या अहवालाचा परिणाम म्हणून १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. लोट्यात एवढे पाहण्यासारखे काय आहे, असे मुले विचारतील. त्यांच्यासमोर तांब्या ठेवून त्यांनाच उत्तर शोधू द्यावे. भरलेला तांब्या एका हाताने उचलता येतो. गळा बोटांच्या पकडीत बसतो व विहिरीत सोडताना त्यालाच दोरी बांधता येते. काठ बाहेर वळलेला असल्याने धार नीट पडते. पोट रुंद असल्याने पाणी पुष्कळ मावते आणि तोंड एवढे मोठे असते की आत हात घालून राखेने घासता येते. यांपैकी एक गुण वाढवावयास गेले की दुसरा कमी होतो. तोंड अधिक अरुंद केले तर पाणी हिंदकळणार नाही, पण भांडे आतून स्वच्छ होणार नाही. अनेक पिढ्यांच्या कासारांनी व वापरणाऱ्यांनी ही तडजोड ठरविली. तिचा कर्ता म्हणून कोणा एकाचे नाव सांगता येत नाही.

वस्तूच्या अशा विचारपूर्वक योजनेस इंग्रजीत डिझाइन म्हणतात. मराठीत अभिकल्प हा शब्द योजिला जातो, परंतु तो कारखान्यात किंवा बाजारात कोणी उच्चारीत नाही. येथे घडण हाच साधा शब्द वापरला आहे. या विषयाचे पद्धतशीर शिक्षण देणारी एक महत्त्वाची संस्था मुंबईच्या उपनगरात पवई येथे आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात १९६९ साली औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले आणि सुधाकर नाडकर्णी यांनी त्याची उभारणी केली. या केंद्राचे काम शिक्षकांच्या परिचयाचे आहे, फक्त ते तेथले आहे हे ठाऊक नसते. २०१० साली भारत सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह तयार करणारे डी. उदयकुमार हे त्या वेळी याच केंद्रात संशोधन करीत होते. संगणकावर देवनागरी मजकूर ज्या मंगल नावाच्या अक्षरवळणात पुष्कळदा दिसतो, ते वळण सिद्ध करणारे र. कृ. जोशी यांनीही येथे अध्यापन केले होते. याच केंद्राशी संबंधित असलेली तिसरी एक वस्तू तर बहुतेक शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी उचललेली आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

प्रथम निसर्गाकडे पाहू. रानातून आलेल्या मुलाच्या कपड्यांस आघाड्याची बोंडे, कुसळे आणि शंकेश्वराची काटेरी फळे चिकटलेली असतात. बी दूर नेण्याची ही वनस्पतींची युक्ती आहे, एवढे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस अभियंत्याने आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली अशीच फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा प्रत्येक काट्याच्या टोकाशी त्याला बारीक आकडा दिसला. केसांच्या किंवा कापडाच्या वळ्यांत हे आकडे गुंतत होते. एका पट्टीवर आकडे आणि दुसरीवर वळी असतील तर बटण किंवा नाडी यांवाचून दोन कापडे जोडता येतील, असे त्याच्या मनात आले. त्यातून निघालेली पट्टी वेल्क्रो या नावाने प्रसिद्ध झाली. आज मुलांच्या बुटांवर व दप्तरांवर ती असते आणि ओढली की चर्र असा आवाज करते.

परंतु कल्पना सुचणे व वस्तू घडणे यांत पुष्कळ अंतर असते, आणि मुलांना सांगावयाचा खरा भाग तोच आहे. सुताचे आकडे लवकर झिजून जात. नायलॉन आल्यावर त्याच्या धाग्याची वळी विणून, ती उष्णतेने ताठ करून, एका बाजूने नेमकी कापली की आकडे तयार होतात, हे पुष्कळ प्रयोगांनंतर साधले. पेटंट मिळेपर्यंत १९५५ साल उजाडले. शिवाय निसर्गातील प्रत्येक चिकटणारी वस्तू या कामाची नव्हती. कुसळाचे बारीक काटे मागे वळलेले असतात. त्यामुळे ते एकदा आत शिरले की पुढेच सरकते, उलट ओढता येत नाही. शंकेश्वराचा आकडा अडकतो आणि जोर लावला की सुटतो. पुन्हा पुन्हा उघडावयाच्या बंदासाठी दुसराच गुण हवा होता. कुसळ व शंकेश्वर ही दोन्ही फळे भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली तर चौथीच्या मुलालाही हा भेद दिसतो.

दुसरे उदाहरण तर मराठी भाषेतच दडलेले आहे. क्षणभंगुर गोष्टीस अळवावरचे पाणी असे म्हणतात. अळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, ओले करीत नाही. त्याचे मोती होतात आणि पान जरासे हलले की ते ओघळून जातात. कमळाच्या पानाचा गुणही तोच. पान अत्यंत गुळगुळीत असल्यामुळे असे होत असावे, असा कोणाचाही तर्क होईल, परंतु तो चुकीचा आहे. जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलोट हे १९७० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळी पाने तपाशीत होते. तपासणीपूर्वी पाने धुवावी लागत. गुळगुळीत पाने धुळीने माखलेली असत आणि काही खडबडीत पाने मात्र न धुताच स्वच्छ असत. या विसंगतीपासून त्यांचा शोध सुरू झाला. अशा पानांवर डोळ्यांस न दिसणारे असंख्य उंचवटे असतात व त्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. पाण्याचा थेंब केवळ उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकतो. खाली हवा राहते. धुळीचा कणही तसाच वरवर टेकलेला असल्याने गडगडणारा थेंब त्याला सहज उचलून नेतो. १९९७ साली या संशोधनाचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे याच तत्त्वावर इमारतींच्या बाहेरच्या भिंतींसाठी पावसाने धुतला जाणारा रंग बाजारात आला.

हा प्रयोग करण्यास कोणतेही साहित्य विकत आणावे लागत नाही. अळवाचे पान जरा तिरपे धरून त्यावर चिमूटभर राख भुरभुरावी व वरून पाण्याचे काही थेंब सोडावेत. थेंब राख घेऊन खाली येतील व त्यांच्या वाटेवर हिरवी स्वच्छ रेघ उमटेल. नंतर पानाचा एक भाग बोटाने जरा दाबून चोळावा आणि त्यावर पुन्हा थेंब टाकावा. मेणाचा थर निघून गेल्यामुळे तेथे पाणी पसरेल. तुलनेसाठी शेजारी वडाचे चकचकीत पान ठेवले तर पाठ पूर्ण होतो. अळवाच्या देठाचा चीक अंगास लागल्यास खाज सुटते, तेव्हा पान शिक्षकांनी स्वतः तोडून आणावे.

पवई व विहार या तलावांच्या काठी खंड्या पक्षी दिसतो, तसा तो गावोगावच्या तळ्यांवरही दिसतो. तो हवेतून पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फार उसळत नाही. जपानमधील अतिवेगवान आगगाडी बोगद्यात शिरली की पुढील हवा दाबली जाऊन बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी मोठा धडाका होई आणि आसपासच्या वस्तीस त्याचा त्रास होई. एजी नाकात्सू या अभियंत्यास पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. कमी प्रतिकाराच्या हवेतून जास्त प्रतिकाराच्या पाण्यात शिरणाऱ्या या पक्ष्याच्या चोचीवरून गाडीचे तोंड लांबट व निमुळते करण्यात आले आणि १९९७ साली ती गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निसर्गापासून शिकणे म्हणजे निसर्गातील रूपाची नक्कल करणे नव्हे. होडीस माशाचे डोळे रंगविल्याने ती अधिक वेगाने चालत नाही. पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवून उडू पाहणारे कित्येक जण फसले. राइट बंधूंनी पक्षी वळताना पंखाची कड कशी पिळतो एवढेच नेमके उचलले, आणि १९०३ साली त्यांचे विमान उडाले. हस्तव्यवसायाच्या तासाला मोराच्या आकाराची कुंडी करण्यास हरकत नाही. ती शोभेची वस्तू आहे. पण त्याला निसर्गापासून घेतलेला धडा म्हणू नये.

मुंबईस सहल नेणारे शिक्षक मुलांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी दाखवितात. मुले मोठा चैत्य आणि बुद्धमूर्ती पाहतात व परत फिरतात. शंभराहून अधिक लेण्यांच्या या वसाहतीत जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे, ते मात्र पाहावयाचे राहून जाते. तेथील शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलेले आहे आणि ती कोणी दान दिली हेही कोरलेले आहे. कोकणात पाऊस चारच महिने पडतो, पण भिक्षू बारा महिने राहत. डोंगराच्या उतारावरून पाणी आपोआप ज्या वाटेने धावते, त्या वाटेवर उथळ पन्हळी कोरून ते टाक्यांत वळविले आहे. बेसाल्ट खडकातून पाणी फारसे झिरपत नाही, अरुंद तोंडामुळे ऊन लागत नाही. उन्हाळ्यात टंचाई सोसणाऱ्या गावातील मुलांस चैत्याच्या कोरीव खांबांपेक्षा ही पन्हळ अधिक काही सांगून जाईल.

आता गरजेकडे वळावे. शिक्षकांच्या स्वतःच्या अनुभवाची वस्तू येथे घेता येते, कारण निवडणुकीचे काम त्यांच्याइतके दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदारांपैकी बहुसंख्यांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले जाई. मतदाराने मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. यासाठी लाखो पोलादी पेट्या लागणार होत्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पेट्या विक्रोळी येथील गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. घाटकोपरच्या पुढील हा भाग तेव्हा खाडीकाठचे जवळजवळ रान होते. एका पेटीची किंमत सुमारे ५ रुपयांत बसवावयाची होती आणि प्रत्येक पेटीस बाहेरून कुलूप लावणे त्या किमतीत शक्य नव्हते. तेव्हा कारखान्यातील एका कारागिराने कुलपाची योजना पेटीच्या आतच करण्याची युक्ती सुचविली. स्वस्त, मजबूत, एकावर एक रचता येणारी आणि बैलगाडीतून गेली तरी न उघडणारी पेटी हवी होती, ती मिळाली.

पुढे मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. तिचे दोष मतमोजणीस बसलेल्या जुन्या शिक्षकांस आठवत असतील. शिक्का दोन रकान्यांच्या मध्ये पडे, घडी घालताना शाई दुसरीकडे उमटे, आणि मतदाराचा हेतू शुद्ध असूनही मत बाद होई. मतदान यंत्र १९८९ साली निवडणूक आयोगाने बनवून घेतले ते बंगलोर व हैदराबाद येथील दोन सरकारी कंपन्यांकडून. परंतु त्याची बाह्य घडण पवईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रातील ए. जी. राव व रवी पूवैया या अध्यापकांनी केली. १९९८ साली काही मतदारसंघांत आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत ते वापरले गेले. यंत्राच्या विश्वासार्हतेविषयी जे वाद झाले तो स्वतंत्र विषय आहे. येथे पाहावयाची आहे ती त्याची घडण.

यंत्राचे दोन भाग आहेत. एक मतदाराजवळ आडोशामागे, दुसरा मतदान अधिकाऱ्याच्या मेजावर, आणि दोहोंमध्ये पाच मीटरची केबल. अधिकाऱ्याने कळ दाबल्यावाचून मतदाराचा भाग जागा होत नाही व एक मत पडताच तो पुन्हा झोपतो. त्यामुळे एका मतदारास दोन मते देता येत नाहीत, आणि मत कोणास दिले हे अधिकाऱ्यास दिसत नाही. मतदाराच्या भागावर नाव, चिन्ह, दिवा व निळे बटण एका सरळ रेषेत आहेत. वाचता न येणाऱ्या मतदाराने चिन्हावर बोट ठेवावे व ते उजवीकडे सरकवावे. बटण आपोआप सापडते. बटण दाबताच लाल दिवा लागतो आणि लांब आवाज होतो. दिवा मतदारासाठी आहे आणि आवाज खोलीतील सर्वांसाठी. मत नोंदले गेले हे मतदान प्रतिनिधींनाही कळते, पण कोणास हे कळत नाही. अंध मतदारासाठी बटणांशेजारी ब्रेल लिपीतील अंक आहेत. यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून वीज नसलेल्या पाड्यावरच्या शाळेतही ते थांबत नाही. निकालाची कळ झाकणाखाली असते व त्या झाकणास दोरा ओवून मोहोर लावता येते, म्हणजे नव्या यंत्रातही लाखेच्या जुन्या मोहोरेसाठी जागा राखलेली आहे. अनेक ठिकाणी नेमक्या अशाच गोष्टींची उपेक्षा होते. येथे ती झाली नाही.

चांगल्या हेतूने केलेली घडण दर वेळी सफल होतेच असे नाही. विक्रोळीच्याच त्या कंपनीने २०१० च्या सुमारास छोटूकूल नावाची लहान शीतपेटी काढली. ग्रामीण स्त्रियांशी बोलून तिची योजना केलेली होती. वजन आठ किलोच्या आत, नेहमीच्या शीतकपाटातील जड कॉम्प्रेसर नाही, वीज गेली तर बॅटरीवर चालणारी. दार समोर नसून झाकण वर होते. थंड हवा जड असते, समोरचे दार उघडले की ती खाली ओघळून जाते. वरचे झाकण उघडले तर आतच राहते. हे सर्व योग्य होते, तरी ज्या घरांसाठी ती काढली तेथे ती अपेक्षेइतकी पोहोचली नाही. दुकानदार, मोटारीतून प्रवास करणारे आणि शहरातील हौशी लोक यांनी ती अधिक घेतली. थंड पाणी देणारा माठ गरिबाच्या घरात आधीच होता, हे त्याचे एक कारण मानावयास हरकत नाही. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. वैशाखात विदर्भात तो उत्तम काम करतो. मुंबईच्या दमट हवेत तितका करीत नाही. दूध व भाजी टिकविण्याची गरज मात्र माठ भागवू शकत नाही, ती अजून तशीच आहे.

वर्गात या विषयास आरंभ करण्यासाठी शाळेतीलच वस्तू घ्याव्यात. पहिलीच्या मुलाचा हात पिण्याच्या पाण्याच्या तोटीपर्यंत पोहोचतो का? डावऱ्या मुलाला शाळेची कात्री नीट का चालत नाही? भरलेला हंडा डोक्यावरून आणणारी मुलगी चुंबळ कशाची करते, आणि चुंबळीने नेमके काय साधते? मुलांनी मोजमाप घ्यावे, चित्र काढावे आणि काय बदलले असता बरे होईल ते निरीक्षणवहीत लिहावे. उत्तरे शिक्षकांनी आधी सांगू नयेत. तोटी उंच आहे असे मुलांनी लिहिले तर ती खरोखर खाली आणण्याचा किंवा खाली दगडी पायरी बसविण्याचा प्रयत्न शाळा समितीसमोर मांडावा, नाहीतर मुलांच्या दृष्टीने सारे निरीक्षण केवळ वहीपुरते राहील.

अळवाचा प्रयोग आषाढापासून भाद्रपदापर्यंत उत्तम होतो. ज्या गावांत त्या वेळी अळू हाताशी नसेल तेथे भाताचे पान घ्यावे. त्यावरही थेंबाचा मोती होतो, पण एक फरक आढळतो. थेंब पानाच्या लांबीच्या दिशेने सहज गडगडतो, आडवा तितका सहज जात नाही. मुले याचे कारण विचारतील. भाताच्या पानावरील सूक्ष्म उंचवटे अळवाप्रमाणे सर्वत्र विखुरलेले नसून पानाच्या शिरांना समांतर अशा ओळींत मांडलेले असतात, आणि थेंब त्या ओळींच्या मार्गाने धावतो.